पूर्णाकांठची तहान

पावसानें दगा दिला म्हणजे अन्यत्र शेतकरी विहिरीचा आश्रय करितो. परंतु अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत भूगर्भांतील पाणीच खारट. तें पिण्यास अयोग्य आणि जमिनीस घातक. नदी आटली कीं तेथील रयतेस दुसरा आधार कोणता? १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानें वऱ्हाडास शिकविलेला धडा आम्ही विसरतां कामा नये: संकट दाराशीं आल्यावर काढलेलीं कामें उशिराचींच ठरतात. टँकर हा तात्पुरता उपचार आहे, उपाय नव्हे. पावसाचें गोडें पाणी बांधबंदिस्तीनें व शेततळ्यांनीं शिवारांतच अडविलें पाहिजे. तसेंच काटेपूर्णा धरणाच्या पाण्याची वांटणी करितांना शहराची तहान भागावी, पण खेड्याच्या तोंडचा घोट हिरावला जाऊं नये. हें काम सरकारनें व गांवकऱ्यांनीं मिळून मृगापूर्वींच हातीं घ्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.