पाखरांची पंगत

श्रोतेहो, अंगणात मूठभर ज्वारी टाकली की पाखरांची सोय झाली असे आपण समजतो. पण पंगतीला कोण बसले ते जरा निरखून पाहा. चिमण्या येतील, होले येतील. बुलबुल सहसा दाण्याला चोच लावणार नाही. त्याला पिकली पपई किंवा पेरूची फोड हवी. साळुंकीला उरलेला भात चालतो आणि नांगरामागे उघडे पडलेले किडेही चालतात. शिंजीर तर जास्वंदीतला मध चोखून परस्पर निघून जातो.

ही आवडनिवड चोचीवरून ठरते. चिमणीची चोच आखूड, जाड, म्हणजे दाणा फोडायचा अडकित्ताच! शिंजिराची लांब, बाकदार, फुलात शिरणारी.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. दाणे खाणारी हीच चिमणी आपल्या लहान पिलांना मुख्यतः अळ्या आणि किडे भरवते. अंग धरायला पिलांना तोच कस लागतो. भाजीच्या वाफ्यावर, कुंपणावर सरसकट औषध मारले की अळ्या जातात आणि अंगणात दाणे सांडलेले असूनही घरट्यातली पिले उपाशी राहतात.

२०१० पासून २० मार्चला चिमणी दिन पाळतात. शिक्षकांनी त्या आठवड्यात शाळेच्या आवारात दाणे, फळाची फोड आणि पाण्याचे परळ ठेवावे. कोण काय खातो, हे मुलांनी वहीत लिहावे. आणि शेतकरी बंधूंनो, कुंपणाचा एक कोपरा औषधावाचून राखा. तो पिलांचा वाटा आहे.