वाघाला सामान लागत नाही

चांगदेव वाघावर बसून ज्ञानदेवांच्या भेटीला निघाला, तेव्हा त्याच्या हातात सर्पाचा चाबूक तेवढा होता, असे परंपरा सांगते. बाकी सामानाचा उल्लेख कुठे आढळत नाही. आम्ही पडलो संसारी माणसे! स्वतःच्या मोटारीने वाघाच्या भेटीला जायचे ठरले आणि आमच्या घरात जी यादी तयार झाली, ती वहीची तीन पाने भरून चौथ्या पानावर गेली. कॉलेजात मराठी शिकवीत असल्यामुळे वर्गवारी करण्याची मला खोड आहे. मी यादीचे चार भाग पाडले : माणसांचे, मोटारीचे, जंगलाचे आणि संकीर्ण. संकीर्ण हाच भाग सर्वांत मोठा झाला, हे वाचकांना सांगायला नकोच.

बेत असा होता. २०२४ सालच्या नाताळच्या सुटीत, जालन्याहून निघायचे, समृद्धी महामार्गाने वर्ध्यापर्यंत जायचे, तिथून हिंगणघाट, वरोरा, भद्रावती करीत मोहर्लीला पोचायचे आणि ताडोबाचे जंगल पाहायचे. बरोबर आमचे हे, चौदा वर्षांचे चिरंजीव, माझी आई आणि अण्णा. मोटार मी चालविणार होते. पाचजणांपैकी एकट्या अण्णांनाच ही गोष्ट खटकत होती. पण ते तसे बोलून दाखवीत नव्हते.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी तेहेतीस वर्षे एस.टी.ची गाडी चालविली. रातराणी घेऊन ते कितीदा नागपूरला गेले याची गणती नाही. नागपूरच्या पलीकडे वाघाचे जंगल आहे, हे त्यांना प्रवाशांच्या गप्पांतून ठाऊक होते. पण गाडी लावायची, चार घटका पाठ टेकायची आणि संध्याकाळी तीच गाडी घेऊन परतायचे, यात जंगल बसत नव्हते. “एकदा तुला वाघ दाखवीन, माय,” असे ते मला लहानपणी म्हणत. प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक नाताळला जादा गाड्या सुटत आणि अण्णांची रजा नामंजूर होई.

सहा वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू असल्याचे निघाले. हा मोठा लबाड रोग. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने दिसेनासे होत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी उरलेली तेवढी राखायची. डॉक्टरांनी सांगितले त्या दिवशी अण्णांनी मोटारीची किल्ली खुंटीवर अडकविली आणि पुन्हा मागितली नाही. ती खुंटीवरची किल्ली बघवेना, म्हणून मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मोटार शिकले. तेव्हापासून अण्णा माझ्या शेजारी बसतात. समोर बघतात आणि जिथे जिथे त्यांनी ब्रेक दाबला असता, तिथे तिथे त्यांचा उजवा पाय पुढची जमीन दाबतो. दुसरा कोणी गाडी चालवीत असताना त्यांचा डोळा लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

तेव्हा ही सहल म्हणजे निव्वळ हौस नव्हती. डोळ्यांत उजेड आहे तोवर अण्णांना वाघ दाखवायचा होता. या खेपेला दाखविण्याची पाळी माझी होती.

जंगलाची तयारी सोपी वाटते, पण तिला नियमांचे कुंपण आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला. मंगळवारी तिथे सुटी असते, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते. फेरीची नोंदणी आधीच करावी लागते आणि नोंदणीत दिले तेच ओळखपत्र मूळ स्वरूपात दारावर दाखवावे लागते. स्वतःची मोटार दारापर्यंत. आत जायचे ते उघड्या जिप्सीतून, वाटाड्या बरोबर घेऊन. मोबाईलला गाभा क्षेत्रात मज्जाव. हे वाचून चिरंजीवांचा चेहरा असा झाला, की जणू वाघाने आधीच त्यांचे काही खाल्ले आहे!

कपड्यांचे शास्त्र निराळे. चंद्रपूर म्हटले की आपल्याला तिथला उन्हाळा आठवतो. पण डिसेंबरातली पहाट उघड्या जिप्सीत हाडे गोठवते. तरीही एकच जाड कोट नेणे शहाणपणाचे नाही. एकावर एक पातळ कपडे घालावेत. दहा वाजेपर्यंत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे ते एकेक करून उतरवता येतात. रंग मातकट, खाकी किंवा गर्द हिरवा. आईचा नवा लालभडक स्वेटर यादीतून गळला, त्याबद्दल मी दोन दिवस बोलणी खाल्ली. कानटोपी, हातमोजे आणि गुडघ्यांवर घ्यायला घोंगडी. धुळीसाठी नाकातोंडावरून बांधायला अण्णांचे जुने उपरणे. अत्तर, पावडर यांना फाटा. अण्णांचे डोळ्यांचे थेंब एका लहान डबीत, घड्याळाचा गजर लावून.

खाण्याची बाजू आईची. मराठवाड्याच्या माणसाला धपाट्यांवाचून प्रवास सुचत नाही. दुधात भिजविलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू आणि आमच्या जालन्याची मोसंबी. जंगलात खायचे काही न्यायचे नाही, असे मी बजावले, तेव्हा आईने विचारले, “आणि वाघ दिसेपर्यंत माणसांनी उपाशी बसायचं का?” शेवटी तडजोड झाली : डबा मोटारीत, मोटार दारात.

राहिला मोटारीचा भाग. तो अण्णांचा होता. त्यांनी यादी लिहिली नाही. रोज सकाळी ते मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घालीत आणि एकेक गोष्ट सांगत. काच पुसायच्या रबरी पट्ट्या बदल. स्टेपनीत हवा बघ. गरज पडते तेव्हाच नेमकी ती बसलेली असते. जॅक कुठे लावायचा, ते आजच लावून बघ. चौथ्या दिवशी ते खाली बसले, टायरच्या कडेवरून बोट फिरविले आणि नातवाला हाक मारली. “चार आकडे असतील बघ इथं. वाच.”

“अठराशे सतरा,” नातू म्हणाला.

त्या आकड्यांचा अर्थ मला अण्णांकडून कळला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१७ सालच्या अठराव्या आठवड्यात तयार झालेला हा टायर. मोटार फार चालली नव्हती, नक्षी शाबूत होती आणि टायरवाल्याने सुद्धा “अजून वर्षभर जातील” असा निर्वाळा दिला. अण्णा ऐकेनात. रबर चालल्याने झिजते तसे बसल्याने सुद्धा म्हातारे होते, असे त्यांचे म्हणणे. गावातल्या गावात ते खपून जाते. पण नागपूर ते मुंबई सातशे एक किलोमीटरच्या या सिमेंटच्या रस्त्यावर गाडी तासन् तास एका वेगाने धावते. हवा कमी असेल तर टायरची बाजू सारखी दबते, तापते आणि म्हातारे रबर तिथे दगा देते. म्हणून हवा बघायची ती सकाळी, टायर थंड असताना आणि भरल्या गाडीसाठी जो आकडा दाराच्या चौकटीवर छापलेला असतो, त्या आकड्याइतकी.

पाच टायरांचे पैसे हिशेबात नव्हते. हिशेबात होता तो चिरंजीवांचा लांब नळीचा कॅमेरा. वर्षभर त्याने परीक्षेचे गुण दाखवून तो मिळविला होता. घरात दोन दिवस अबोला नांदला. आमचे हे म्हणाले, “तीन टायर आणि अर्धा कॅमेरा असं काही जमेल का?” कोणी हसले नाही.

त्या रात्री अण्णा नातवाजवळ जाऊन बसले. १ जुलै २०२३ च्या पहाटेची गोष्ट त्यांनी काढली. आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे गेली. कशामुळे झाले, याविषयी अण्णा काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “माझ्या मागं रोज पन्नास माणसं झोपलेली असायची, बाळा. त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नसायचं. झोपतात, म्हणजे विश्वास टाकतात. आता तुझी माय गाडी चालवणार. मला कडेचं दिसत नाही. तिच्यासाठी तेवढं टायर मला बघू दे.”

सकाळी चिरंजीवांनी स्वतःच कॅमेऱ्याची ओळ खोडली.

निघायच्या दिवशी अंधारातच निघालो. या रस्त्याला वळणे कमी. डोळे उघडे राहतात आणि मन झोपते, हा त्याचा खरा धोका. म्हणून दर दीड तासाला थांबायचे, खाली उतरून चार पावले चालायचे, हा अण्णांचा दंडक. वाटेत मी मुलाला आपल्या मुलखातल्या वाघाची गोष्ट सांगितली. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ साली स्वतःचे राज्य शोधायला निघाला. गळ्यात रेडिओ पट्टा होता, म्हणून त्याचा माग कळला. शेते, ओढे, रस्ते ओलांडीत, तेलंगणात डोकावून, तेराशेहून अधिक किलोमीटर चालून तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. “आणि सामान?” चिरंजीवांनी मागे रचलेल्या पिशव्यांकडे पाहून विचारले. “काही नाही,” आई म्हणाली, “म्हणून तर त्याला वाटेत शिकार करावी लागली!”

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जिप्सीत होतो. घोंगडीत अण्णा, त्यांच्या दोन्ही बाजूंना आम्ही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ मी पिशवीत घातले होते, मारुती चितमपल्लींची पुस्तके घरून वाचून आले होते. (चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले, रानाचे शब्द मराठीला देणारा माणूस गेला.) पण तिथे एकही वाक्य आठवले नाही. सागाची पाने दवाने जड झाली होती. मग अण्णांनी हात वर केला. आम्हा कोणालाच काही ऐकू आले नव्हते. वाटाड्याने कान दिला आणि मान हलविली : दूर, डाव्या अंगाला, सांबर ओरडत होते. तेहेतीस वर्षे इंजिनाच्या आवाजातला बारीकसा फरक टिपणारे ते कान!

अर्धा तास थांबलो. वाघ आला नाही. परतताना वाटाड्याने गाडी थांबवून खाली बोट दाखविले. आमच्याच जिप्सीच्या जाताना उमटलेल्या चाकोरीवर, धुळीत, ताजे पाऊल होते. आम्ही पुढे थांबलो होतो, तेव्हा तो मागून रस्ता ओलांडून गेला होता. अण्णा वाकले. अगदी समोरचे त्यांना स्वच्छ दिसते. बराच वेळ ते त्या चार बोटांकडे आणि रुंद तळव्याकडे बघत राहिले.

“कुठंच घसरला नाही,” ते म्हणाले. “याची टायरं नवी आहेत.”

मी त्यांना वाघ दाखविला, असे म्हणता येणार नाही. त्यांचे मात्र समाधान झाले होते. मुक्कामावर येईपर्यंत ते तीनदा त्या पावलाविषयी बोलले.

परतीच्या वाटेवर कारंजा मागे पडले. मागच्या बाकावर सगळे पेंगले होते. मेहकरच्या अलीकडे मला एक लांबलचक मालमोटार ओलांडायची होती. मी वेग कमी केला, आरसा पाहिला आणि सवयीने अण्णांच्या उजव्या पायाकडे नजर टाकली. पाय हलला नव्हता. त्यांची मान काचेला टेकली होती, चष्मा नाकावर घसरला होता आणि ते शांत झोपले होते.

जालन्याचा फाटा आला, तेव्हा मी त्यांना हलविले. “अण्णा, घर आलं.”

ते दचकून सावरून बसले. “मी जागाच होतो, माय,” म्हणाले.

या दिवाळीनंतर आपल्यापैकी पुष्कळजण रानावनाकडे निघतील. यादीत काय घालावे, हे वर सांगितलेच आहे. एक गोष्ट मात्र न चुकता करा : निघण्यापूर्वी खाली बसून टायरवरचे चार आकडे वाचा. घरात कोणी जुनेजाणते असेल, तर त्यांना शेजारी बसवून वाचा.