खातो पोटभर, पण अंगी लागत नाही!

पालकसभेत हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. कुणी म्हणतं जंत असतील, कुणी म्हणतं नजर लागली. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. जेफ्री गॉर्डन यांनी याच कोड्याच्या मागे अनेक वर्षं घालवली. शिक्षण डॉक्टरकीचं, पण संशोधन आतड्यातल्या जिवाणूंचं.

आपल्या आतड्यात लाखो कोटी जिवाणू राहतात. या सगळ्या वस्तीला मायक्रोबायोम म्हणतात. आपल्याला न पचणारं बरंच अन्न हे जिवाणू पचवतात. 2013 साली गॉर्डन यांच्या चमूने जुळ्या बहिणींच्या जोड्या घेतल्या, एक लठ्ठ आणि एक सडपातळ. दोघींच्या आतड्यातले जिवाणू जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली.

मग उलटा प्रश्न आला, कुपोषित मुलांचं काय? यासाठी ते बांगलादेशात ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी संस्थेतल्या डॉ. तहमीद अहमद यांच्यासोबत काम करू लागले. 2014 मध्ये दिसलं ते असं: मूल वाढतं तशी जिवाणूंची वस्तीही वयात येते. कुपोषित मुलांची वस्ती मात्र वयापेक्षा लहानच राहिलेली. उपचाराचा आहार दिला की थोडी सुधारायची, काही दिवसांनी पुन्हा मागे! म्हणजे मुलाला जेवण मिळालं, पण जिवाणू उपाशीच.

मग मुलासोबत जिवाणूंनाही पोसेल असा आहार त्यांनी तयार केला. त्यात काय होतं? हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे, कच्चं केळं, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं-खनिजं. ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या 12 ते 18 महिन्यांच्या सुमारे 120 मुलांवर चाचणी झाली. अर्ध्यांना हा आहार, अर्ध्यांना नेहमीचा तयार पूरक आहार, तीन महिने, दिवसातून दोनदा. नव्या आहारात कॅलरी कमी होत्या, तरी त्या मुलांचं वजन जास्त चांगलं वाढलं. हा निकाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला.

यादी वाचून बेसन-केळं कालवायला मात्र धावू नका. त्यातलं प्रमाण मोजूनमापून ठरवलेलं आहे, आणि चाचणी छोटी होती. मुलाचं वजन खरंच कमी वाटत असेल तर आधी अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन-उंची मोजून घ्या.