रोप मेले, पण मारले कोणी?

गेटवेहून बोटीने मांडव्याला उतरून अलिबागची वाट धरली की उन्हाळ्याच्या सुमारास रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. भौगोलिक मानांकन लाभलेला हा कांदा भाताचे पीक निघाल्यावर घेतला जातो. कांद्याची रोपे वाफ्यात असतानाच कधी कधी जमिनीलगत सडून आडवी होतात. रोपवाटिकांना सर्वत्रच भेडसावणारा हा ‘मर’ रोग. वाफा गेला, की हंगामच हातचा जाण्याची भीती.

शेतकरी साहजिकच बुरशीनाशक आणतो. पण कोणते? मर पिथियम, फ्युजारियम वा रायझोक्टोनिया यांपैकी कोणामुळेही होऊ शकते आणि सडलेल्या रोपाकडे नुसते पाहून त्यांतला फरक सांगणे कठीण. त्यातही पिथियम ही खरी बुरशी नव्हेच. तिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते आणि कुळाने ती समुद्रातील तपकिरी शेवाळांना जवळची. म्हणूनच फ्युजारियमवर वापरले जाणारे कार्बेन्डाझिम तिच्यावर निष्प्रभ ठरते, तर पिथियमसाठीचे मेटालॅक्सिल फ्युजारियमला काहीच करीत नाही. निदान चुकले की पैसे मातीत जातात, अगदी शब्दशः!

पूर्वापार पद्धतीत मुळाचा तुकडा बटाट्याच्या अर्कावर ठेवून बुरशी वाढवतात आणि बीजाणूंचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात दिवस जातात, शिवाय पाहणारी नजरही तयार हवी. आता बुरशीचा डीएनए वेगळा करून ‘आयटीएस’ नावाचा त्याचा एक भाग वाचला जातो. पीसीआर यंत्रात हा भाग दर आवर्तनाला दुप्पट होतो. ३० आवर्तनांत, निदान कागदावर, एकाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. मातीतून थेट डीएनए काढायचा तर मात्र तिच्यातील ह्युमिक आम्ले या क्रियेत खोडा घालतात. मिळालेली अक्षरमाला संगणकावरील संग्रहाशी ताडून पाहतात. २०१२ साली आयटीएसला बुरशांची ओळखपट्टी म्हणून मान्यता मिळाली.

तरीही ही पट्टी सर्वज्ञ नाही. फ्युजारियमच्या जवळच्या जातींत आयटीएस जवळपास सारखाच असतो. तेथे ‘टेफ’ हे दुसरे जनुक वाचावे लागते. शिवाय एकाच जातीचे काही वाण कांदा कुजवतात, तर काही मुळांशी निरुपद्रवीपणे नांदतात. मृत बुरशीचा डीएनएही मातीत काही काळ टिकतो. त्यामुळे सापडलेली बुरशीच दोषी आहे, हे ठरवायला ती निरोगी रोपाला देऊन रोग होतो का आणि त्यातून तीच परत मिळते का, ही कॉखची एकोणिसाव्या शतकातील कसोटी आजही लागते.

आणि तपासणीला द्यायचे ते पूर्ण सडलेले रोप नव्हे. त्यावर कुजक्या अवशेषांवर जगणाऱ्या इतर बुरशांनी केव्हाच ताबा मिळवलेला असतो. नुकतेच माना टाकू लागलेले रोप मुळांभोवतीच्या मातीसकट द्यावे.