मडगावचे घर, लिस्बनचे बालपण

अंतोनियो कोस्ता १७ जुलै १९६१ रोजी लिस्बनमध्ये जन्मले, तेव्हा गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. पाच महिन्यांनी, १९ डिसेंबरला, तो मुक्त झाला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने ते कधीच मान्य केले नाही. गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने स्वीकारले ते १९७४च्या अखेरीस, हुकूमशाही कोसळल्यावर. तोवर वडिलांचा मुलूख लिस्बनच्या सरकारी दफ्तरात शत्रूने बळकावलेला प्रदेश होता, आणि त्याच लिस्बनमध्ये हा मुलगा लहानाचा मोठा होत होता.

पुढे तो पोर्तुगालचा पंतप्रधान झाला, डिसेंबर २०२४मध्ये युरोपीय परिषदेचा अध्यक्ष झाला. आपण ‘गोव्याचे रक्त’ म्हणून कौतुक केले. ते स्वाभाविकच आहे. पण त्याच्या घराचा इतिहास पाहिला की वाटते, रक्तापेक्षा मोठे असे काही त्याला तिथे मिळाले: सत्तेपुढे मान न झुकवणारे आईवडील.

वडील ओर्लांदो द कोस्ता यांचा जन्म १९२९चा, मोझांबिकमधल्या लोरेन्सो मार्किस शहरातला, म्हणजे आजच्या मापुतोतला. वाढले मात्र मडगावात. आबादे फारिया रस्त्यावर या कुटुंबाचे जुने घर आहे. १८ जून १९४६ला याच मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली आणि गोवा हलला. पुढच्या वर्षी ओर्लांदो शिकायला लिस्बनला गेले. तिथल्या ‘साम्राज्यातील विद्यार्थ्यांचे घर’ या वसतिगृहाच्या वर्तुळात वसाहतींमधून आलेली मुले एकत्र येत. अंगोलाचे आगोस्तिन्यो नेतो, गिनी-बिसाऊचे आमिल्कार काब्राल त्यांतलेच. साम्राज्याशी निष्ठावान पदवीधर तयार व्हावेत म्हणून सरकारने उभारलेल्या या घरातून साम्राज्याचे कडवे विरोधक निघाले. अखेर १९६५मध्ये सरकारनेच त्याला टाळे ठोकले. ओर्लांदो कम्युनिस्ट झाले आणि गुप्त पोलिसांनी त्यांना तुरुंगही दाखवला.

मुलगा जन्मला त्याच वर्षी त्यांची ‘ओ सिग्नु द इरा’ ही कादंबरी आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला गोवा आणि भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, शेतांत राबणारे भूमिहीन कुणबी हा तिचा विषय. मडगावच्या प्रतिष्ठित ख्रिस्ती घरातला लेखक हजारो मैलांवर बसून स्वतःच्या मातीकडे पाहतो, तेव्हा त्याला चर्चचे मनोरे आणि मांडवीचे पाणी आठवत राहिले असते तरी कोणी दोष दिला नसता. त्याने पाहिली ती भुकेली माणसे. गोव्यावरचे प्रेम आणि गोव्यातल्या अन्यायाची चीड त्याच्यात एकत्र नांदत होती.

आई मारिया आंतोनिया पाल्ला पोर्तुगीज, पत्रकार, स्त्रीहक्कांसाठी झगडणारी. गर्भपात गुन्हा असलेल्या देशात १९७६ साली तिने त्या विषयावर दूरचित्रवाणीचा कार्यक्रम केला. त्यापायी तिच्यावर खटला भरला गेला. १९७९मध्ये ती निर्दोष सुटली. आईवडील मुलाच्या लहानपणीच विभक्त झाले होते. तरी वडिलांकडची कोंकणी हाक, ‘बाबुश’, टिकली. आप्तेष्ट आजही अंतोनियोंना याच नावाने ओळखतात.

२५ एप्रिल १९७४ला सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुले खोवली गेली आणि ४८ वर्षांची हुकूमशाही संपली. अंतोनियो तेव्हा बारा वर्षांचा होता. चौदाव्या वर्षी तो युवक संघटनेत शिरला, तो मात्र समाजवाद्यांच्या. त्या दिवसांत समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यातून विस्तव जात नव्हता. वडिलांचा बंडखोरपणा मुलाने घेतला, पक्ष घेतला नाही.

ओर्लांदो २००६मध्ये वारले. त्यानंतर नऊ वर्षांनी, नोव्हेंबर २०१५मध्ये, अंतोनियो पंतप्रधान झाले ते अल्पमतातल्या सरकारचे, आणि ते तरले कम्युनिस्ट व इतर डाव्यांच्या पाठिंब्यावर. १९७६च्या लोकशाही संविधानानंतर असे प्रथमच घडत होते. यामागे आकड्यांचे गणित होतेच. पण मतभेद आणि जिव्हाळा एकत्र राहू शकतात, हे ज्याने घरीच पाहिले, त्याला हे गणित मांडण्याचे धाडस अधिक सहज झाले असावे, असे मला वाटते.

जानेवारी २०१७मध्ये बंगळुरूत त्यांना परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांसाठीचे भारताचे ओसीआय कार्ड मिळाले; मग ते मडगावच्या घरी जाऊन आले. त्या भेटीचा अभिमान आपण जरूर बाळगावा. मात्र तो बाळगताना कुणब्यांच्या भुकेवर लिहिणारा बाप आणि खटल्याला सामोरी गेलेली आई यांनाही त्यात जागा द्यावी. मिश्र वारसा आपोआप कोणाला उदार करत नाही. तो तसा घडवावा लागतो, आणि या मुलाच्या बाबतीत ते काम त्या दोघांनी केले.