राखणीचा खर्च कोणाच्या खाती?

बँकेच्या नोकरीत काही वर्षे राधानगरी तालुक्यातील एका शाखेत काम करण्याचा योग आला. पीककर्जाचे अर्ज तपासणे हे तेथील नित्याचे काम. बियाणे, खते, औषधे, मजुरी या खर्चाच्या बाबी आम्ही बारकाईने पाहत असू. एके दिवशी दाजीपूरच्या बाजूचे एक वयस्कर शेतकरी कर्जाच्या नूतनीकरणासाठी आले. डोळे तारवटलेले, आवाज बसलेला. चौकशी केली तेव्हा कळले की, भात पोटरीला आल्यापासून ते आणि त्यांचा मुलगा आळीपाळीने रात्रभर माळ्यावर बसत होते. डबे बडवून गवे हुसकावत होते. तरीही एका पहाटे डोळा लागला आणि अर्ध्या एकरातले भात गेले.

मी सहानुभूतीचे चार शब्द बोललो. मुक्या जनावराला तरी काय कळते, असेही म्हणालो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “साहेब, गव्याला मारू नये हे मलाबी पटतंय. पर त्याला पोसायचा खर्च एकट्या माझ्याच नावावर का टाकताय?”

माझ्यासमोर त्यांचा अर्ज होता. त्यात राखणीसाठी रकानाच नव्हता.

दाजीपूरचे जंगल १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य म्हणून राखले गेले. महाराष्ट्रातील हे पहिले अभयारण्य. पुढे १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गव्याला सर्वोच्च संरक्षण आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन आठशे किलोच्याही पुढे जाते. असा प्राणी आज सह्याद्रीत कळपाने दिसतो, हे संरक्षणाचे यशच म्हटले पाहिजे. त्याबद्दल कोणाच्याही मनात किंतु असण्याचे कारण नाही.

पण जंगलाची हद्द नकाशावर असते; गव्याला ती ठाऊक नसते. उन्हाळ्यात सड्यावरचे गवत वाळते, पाणवठे आटतात. रानमोडीसारख्या तणांनी चराईच्या जागा व्यापल्या आहेत. दुसरीकडे धरणांच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. उसाच्या फडात हिरवा चारा मिळतो आणि दिवसभर लपायला आडोसाही मिळतो. राधानगरी आणि काळम्मावाडी या दोन जलाशयांच्या पाणलोटात अभयारण्य आणि त्यालगतच शेती, अशी येथील रचना आहे. गवा वाट चुकून शेतात येतो असे आपण म्हणतो. त्याच्या दृष्टीने पाहिले तर तो चाऱ्याच्या वाटेवरच असतो.

नुकसानभरपाईची तरतूद आहे. पीकहानीसाठी वनखात्याकडे अर्ज करता येतो, पंचनामा होतो. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास वारसांना २५ लाख रुपयांचे अर्थसाहाय्य आहे. परंतु हिशेब तपासण्याची सवय लागलेल्या माणसाला येथे काही नोंदी सुटलेल्या दिसतात. एका रात्रीत शेत साफ झाले तर पंचनामा सोपा. रोज थोडे थोडे खाल्ले, थोडे तुडवले, तर तो कोणत्या दिवशी करायचा? सातबारावर पाच भावांची नावे असतील तर संमतिपत्रे आली, तालुक्याच्या खेपा आल्या. वाट्याने कसणाऱ्याचे तर सातबारावर नावही नसते. आणि दोन महिन्यांच्या जागरणाची पावती कोण देणार?

शहरातली आपली वागणूकही आठवावी. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा आला होता. बघ्यांची गर्दी, पाठलाग, चित्रफिती यांनी तो बिथरला, सैरावैरा धावला आणि पकडल्यानंतर दगावला. मग हळहळ झाली. एका दिवसाच्या पाहुण्याशी आपण असे वागलो. हंगामभर गव्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या शेतकऱ्याला सहनशीलतेचे धडे देण्यापूर्वी हे स्मरणात ठेवलेले बरे.

कोल्हापूर-सांगली भागातील आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करतो. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार भेद आपल्या शास्त्रकारांनी सांगितले. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्णपणे टाळावी आणि उरलेल्या तिन्हींत शक्य तितका विवेक ठेवावा, ही अपेक्षा. शेत राखणे हा शेतकऱ्याचा धर्मच आहे. मात्र कुंपणाच्या तारेत थेट वीजप्रवाह सोडला की राखणीची सीमा ओलांडली जाते. त्या तारेला जनावर मरते. कधी रात्री पाणी पाजायला निघालेला शेजारीही मरतो.

याउलट सौरकुंपणात थांबून थांबून सौम्य धक्का बसतो. प्राणी मागे फिरतो, मरत नाही. राज्य सरकारच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून संरक्षित क्षेत्रांलगतच्या गावांना त्यासाठी अनुदान मिळते. अडचण पुढेच येते. तारेला गवत टेकले की प्रवाह कमी होतो, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. देखभालीला पैसा आणि माणूस नसेल तर कुंपण शोभेचे ठरते. एकट्याने कुंपण घातले तर गवा शेजारच्या शेतात शिरतो. म्हणून गावाने मिळून कुंपण घालणे आणि जंगलात कुरणे व पाणवठे राखणे, या दोन्ही गोष्टी बरोबरीने व्हायला हव्यात.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या निर्णयानुसार वन्यप्राण्यांमुळे होणारे पीकनुकसान खरीप २०२६ पासून पीकविम्याच्या कक्षेत आणले आहे. कोणते प्राणी आणि कोणते भाग, हे राज्यांनी अधिसूचित करायचे आहे. नुकसानीची सूचना ७२ तासांत, छायाचित्रांसह, मोबाईलवरील ॲपद्वारे द्यायची आहे. जंगलकाठच्या वाडीत नेटवर्क नसते आणि वृद्ध शेतकऱ्याला ॲप उमगत नाही. आपल्यातील सुशिक्षित तरुणांनी आणि आमच्यासारख्या निवृत्तांनी हंगामात चार दिवस त्या गावांत बसून अर्ज भरून दिले, तरी ती सेवाच ठरेल.

पर्युषणात आपण जीवदया निधीला सढळ हाताने देतो. पांजरपोळ चालतात, गुरांना चारा मिळतो, ते व्हावेच. त्याच निधीतील काही वाटा एखाद्या गावाच्या सौरकुंपणाच्या बॅटरीसाठी आणि राखणदाराच्या मानधनासाठी ठेवता येणार नाही काय? गवा वाचावा असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर तो ज्याच्या शेतात चरतो त्याच्या खर्चात आपला वाटा असला पाहिजे.

ते शेतकरी पुढल्या हंगामात पुन्हा शाखेत आले. या वेळी त्यांनी कर्ज कमी मागितले. जंगलालगतचा तुकडा पड टाकला होता आणि मुलगा इचलकरंजीला कामाला गेला होता. मी अर्जावर ‘मागणी कमी, परतफेड नियमित’ असा शेरा मारला. बँकेच्या दृष्टीने ते खाते उत्तम होते. त्या शेऱ्याची आज खंत वाटते.