पाड्यावरच्या ग्राहकासाठी ऑनलाइन दुकान

ऑनलाइन दुकानातला पत्त्याचा रकाना बहुधा शहर डोळ्यांपुढे ठेवून आखलेला असतो: फ्लॅट क्रमांक, इमारत, रस्ता. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या पाड्यावर यातले काहीच नसते. घर ओळखले जाते ते शाळेमागचे किंवा मारुतीच्या देवळाजवळचे म्हणून. पिनकोड १९७२ पासून आहे, पण तो टपाल कार्यालयाच्या हद्दीचा. ग्रामीण भागात एकाच पिनकोडात अनेक गावे येतात. म्हणून जवळची खूण लिहायला जागा आणि नकाशावर घर दाखवायची सोय हवीच. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत देतो. त्या गावी माल पोचतो की नाही, हे वस्तू निवडण्याआधीच सांगावे. पैसे भरायच्या पायरीवर नकार देणे हा ग्राहकाचा अपमान आहे.

नेटवर्क मध्येच तुटते, त्यामुळे चित्रे हलकी हवीत. प्रत्येक व्यवहाराला एकच ओळखक्रमांक दिला आणि सर्व्हरने तो तपासला, तर बटण पुन्हा दाबले गेले तरी पैसे दोनदा कापले जात नाहीत.

फ्लिपकार्टवर २०२० मध्ये आणि अ‍ॅमेझॉनवर २०२१ मध्ये मराठी आली. मात्र बटणांचे भाषांतर पुरत नाही; रोमन लिपीत टंकलेला मराठी शब्दही शोधयंत्राला ओळखता यायला हवा.